महिन्याची औषधं दर वेळी अडतात का, आणि ती वेळेवर मिळवायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ७२ वर्षांची, तालुक्याच्या गावी राहते. बीपी, साखर, थायरॉइड आणि आकडी यांची मिळून सात औषधं कायमची चालू आहेत. दर महिन्याला त्यातली दोन-तीन मेडिकलमध्ये नसतात. ‘उद्या या’ म्हणतात आणि त्या उद्याचे चार-पाच दिवस होतात. दुकान बदलून पाहिलं, तरी तेच. अडतं नेमकं कुठे, आणि आपल्या हातात काय आहे?

अडतं ते मुख्यतः एकाच कारणाने: तुमची पुढच्या महिन्याची खरेदी दुकानदाराला आधी दिसत नाही. अमेरिकेत डॉक्टर चिठ्ठी थेट औषधदुकानाला पाठवतो, ती तिथेच राहते, आणि अजून किती वेळा औषध द्यायचं बाकी आहे हा आकडा दुकानाच्या संगणकात असतो. (उशीर तिथेही होतो, पण तो बहुतेकदा विमा कंपनीच्या मंजुरीपायी.) आपल्याकडे चिठ्ठी तुमच्या पिशवीत असते. गेली तीन वर्षं तुम्ही त्याच दुकानात जात असाल, तरी गोळ्या संपायच्या दिवशी काउंटरवर उभे राहता तेव्हा दुकानाच्या साठ्याच्या हिशोबात तुम्ही अचानक आलेलं गिऱ्हाईक असता. रोज पंधरा जण मागतात ते औषध त्याच्याकडे असतंच. महिन्यातून एकदा तुम्ही एकटेच मागता ते औषध त्याने कशाच्या भरवशावर ठेवायचं? राहिलं तर मुदत संपते, परत पाठवायची कटकट होते, पैसे अडकतात. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा ठरवून दिलेला आहे, बाकीच्यांवर साधारण २० टक्के मिळतात. त्यातून १५-२० टक्के सूट देणारं दुकान झपाट्याने खपणाऱ्या मालावरच चालतं. सूट हवी असेल तर जरूर घ्या, पण आकडीचं किंवा पार्किन्सनचं औषध तिथे कायम तयार मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

माल येतो कसा ते पाहू. कंपनीचा डेपो, डेपोकडून जिल्ह्यातला स्टॉकिस्ट (त्या कंपनीचा घाऊक विक्रेता), स्टॉकिस्टकडून मेडिकल. महाराष्ट्रासाठी बऱ्याच कंपन्यांचे डेपो भिवंडीच्या गोदामांत आहेत. घाऊक बाजार म्हणजे मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, पुण्यात सदाशिव पेठ, नागपुरात गांधीबाग. शहरात सकाळी ऑर्डर दिली तर माल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. तालुक्याच्या गावी स्टॉकिस्टची गाडी ठरलेल्या वारीच येते. मंगळवार-शुक्रवार गाडी असेल आणि तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी गेलात, तर ‘उद्या’ म्हणजे मंगळवार. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘कधी येईल’ असा नाही. ‘या कंपनीची गाडी कोणत्या वारी येते, आणि ऑर्डर किती वाजेपर्यंत द्यावी लागते’ हे विचारून घ्या. सात औषधं चार कंपन्यांची असतील तर वारही वेगळे असू शकतात. ते एकदा चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.

कॅलेंडरमध्येही काही जागा हमखास अडचणीच्या असतात. महिन्याच्या १ ते ७ तारखेला पगार आणि पेन्शन झालेली असते, त्यामुळे बीपी-साखरेच्या गोळ्यांवर झुंबड. मार्च अखेरीला स्टॉकिस्ट हिशोब बंद करतात, शेवटचे दोन-चार दिवस बिलं निघत नाहीत. त्यातच किंमत नियंत्रणाखालच्या औषधांच्या कमाल किमती दर १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलतात. कर किंवा किंमत बदलणार अशी कुणकुण लागली की साखळीतला प्रत्येक जण जुना माल कमी ठेवायला बघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो असाच प्रसंग होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत घाऊक बाजार जवळपास बंद. या सगळ्यावर उपाय एकच, खरेदीची तारीख महिन्याच्या मध्यावर आणायची.

ती कशी आणायची ते पुढे सांगतो. त्याआधी ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ओळखायला शिकायला हवं, कारण प्रत्येक ‘नाही’वरचा उपाय वेगळा आहे.

‘संपलंय’ याचा अर्थ दुकानातला साठा संपला. पुढच्या गाडीला येईल, थांबायला हरकत नाही. ‘होलसेलरकडे नाही’ असेल तर चार-आठ दिवस धरा. अशा वेळी दुसऱ्या भागातलं, दुसऱ्या स्टॉकिस्टकडून माल घेणारं दुकान गाठा, तिथे बहुधा मिळतं. ‘कंपनीकडूनच शॉर्ट आहे’ हे वाक्य मात्र तपासून घ्यावं. गावातल्या तीन दुकानांत, शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये फोन करा. चारही ठिकाणी नसेल तर ते खरं आहे. आठवडे लागू शकतात, त्यामुळे वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि चौथा प्रकार कोणी तोंडाने सांगत नाही: दुकानदाराची स्टॉकिस्टकडे उधारी थकलेली असते आणि त्याचा माल रोखलेला असतो. खूण सोपी आहे. एका कंपनीचं एकच औषध नसेल तर ती टंचाई. त्या कंपनीची सगळीच औषधं ‘येत नाहीत’, आणि शेजारच्या दुकानात मात्र मिळतात, तर ती उधारी. तिथे महिनाभर थांबूनही फरक पडणार नाही, दुकान बदला.

एक प्रकार डॉक्टरच्या बाजूचाही आहे. काही ब्रँड अगदी छोट्या कंपन्यांचे असतात आणि त्या दवाखान्याच्या खालच्याच मेडिकलमध्ये मिळतात. कंपनीचा स्टॉकिस्टच इतरत्र नसतो. शहरातल्या तज्ज्ञाने लिहिलेलं औषध गावी कुठेच मिळत नाही, याचं हे नेहमीचं कारण. तपासणी संपतानाच विचारा: ‘हे आमच्या तालुक्याला मिळेल का? नसेल तर सगळीकडे मिळणारं याच घटकाचं नाव लिहून द्या.’ डॉक्टरला यात अपमान वाटायचं काही कारण नाही.

आता तारखेचं गणित. औषधं वेगवेगळ्या दिवशी संपतात त्याला पानांचे आकार कारण आहेत. गोळ्यांचं पान १० चं असतं, १४ चं असतं, १५ चं असतं. थायरॉइडच्या गोळ्या १०० किंवा १२० च्या बाटलीत येतात. रोज एक गोळी आणि १४ चं पान असेल तर दोन पानांत २८ दिवस निघतात, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा खरेदी करावी लागते. शेजारची १५ च्या पानाची गोळी ३० दिवस जाते. तीन महिन्यांत दोघींच्या तारखा आठवड्याच्या अंतरावर जातात आणि मग महिन्यातून चार वेळा मेडिकलच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

सगळं एका तारखेवर आणायला एकदाच जास्त खरेदी करावी लागते. समजा आज ५ जून आहे आणि आजच्या गोळ्या अजून घ्यायच्या आहेत. ठरवलं की दर महिन्याच्या १५ ला खरेदी करायची आणि त्या दिवशी हातात आठवडाभराचा साठा शिल्लक असायला हवा. म्हणजे आत्ताचा साठा २२ जुलैपर्यंत पुरला पाहिजे: जूनचे २६ आणि जुलैचे २२, एकूण ४८ दिवस. बीपीची टेल्मिसार्टन रोज एक, हातात ९ आहेत. लागतील ३९, म्हणजे १५ ची तीन पानं. साखरेची मेटफॉर्मिन रोज दोन, हातात २२. लागतील ७४, म्हणजे १५ ची पाच पानं. आकडीची लेव्हेटिरासिटाम रोज दोन, हातात ६. लागतील ९०, म्हणजे १० ची नऊ पानं. त्या महिन्याचं बिल दीडपट येईल. पुढच्या महिन्यांत १५ तारखेला नेहमीचीच खरेदी.

हा शिलकीचा आठवडा फार महत्त्वाचा आहे आणि तो गुपचूप झिजतो. दर वेळी ३० दिवसांचं घेतलं तर बारा खरेद्यांत ३६० दिवस भरतात, वर्ष ३६५ चं. वर्षअखेरीला सात दिवसांची शिल्लक दोन दिवसांवर येते. वर्षातून एकदा प्रत्येक औषधाचं एक जादा पान घेतलं की भरून निघतं. जुनं आधी, नवं नंतर वापरायचं. डब्यात नवी पानं खाली ठेवायची सवय घरात सगळ्यांना लावा.

पान कापून सुट्या गोळ्या मागितल्या की दुकानदार कुरकुरतो, तेही समजून घ्या. बॅच नंबर आणि मुदत पानाच्या एकाच टोकाला छापलेली असते. उरलेला तुकडा त्याला विकता येत नाही आणि परतही करता येत नाही. तारखा जुळवायला एखाद्या वेळी मागायला हरकत नाही, दरमहा मागू नका. सुट्या गोळ्या घेतल्याच तर पूर्ण पानाचा फोटो काढा आणि बिलावर बॅच आणि मुदत आहे का ते पाहा.

ऑर्डर १५ तारखेच्या सात दिवस आधी, ८ ला द्यायची. तोंडी नको. व्हॉट्सॲपवर एकाच संदेशात प्रत्येक औषधासाठी पाच गोष्टी असाव्यात: ब्रँडचं नाव, घटक, ताकद, प्रकार आणि किती पानं. ‘बीपीची पांढरी गोळी’ असं लिहून काही होत नाही, आणि नुसत्या ब्रँडनेही घोटाळे होतात. टेल्मिसार्टन ४० च्या नावापुढे ‘एएम’ असेल तर आत अम्लोडिपिन असतं, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० म्हणजे १०० अधिक १०, आणि १२५ म्हणजे १०० अधिक २५. मेटोप्रोलॉलची साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असते आणि एक्सएल (दीर्घ परिणामाची) एकदा. चुकीचं औषध आलं की ते परत जाऊन बरोबर यायला आणखी एक गाडी जाते. पानाच्या मागच्या बाजूचा, जिथे घटक छापलेले असतात त्या बाजूचा, स्वच्छ फोटो संदेशासोबत जोडला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि पैसे आधी द्या, निदान जे औषध तुमच्यासाठीच मागवायचंय त्याचे. ‘मागवून ठेवा’ म्हणून जाणारी बरीच माणसं परत येत नाहीत. वाटेत दुसरीकडे मिळालं की तिथेच घेतात. ते मागवलेलं औषध मग दुकानदाराच्या कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहतं, आणि पुढच्या वेळी तो तुमची ऑर्डर नुसती मान हलवून विसरतो. दोनशे रुपये आगाऊ आणि १५ ला न चुकता उचल, असं तीन महिने झालं की तुमच्या नावाचा खोका तयार मिळायला लागतो. साखळी दुकानं आणि ऑनलाइनवाले ‘तुमची औषधं संपत आली’ असा संदेश पाठवतात, पण तो संदेश तुमच्या मागच्या बिलावरून निघतो, त्यांच्या साठ्यावरून नव्हे. संदेश आला म्हणून माल राखून ठेवलाय असं धरू नका.

चिठ्ठीकडे वळू, कारण काही उशीर कायद्यामुळे होतो आणि तो दुकानदाराचा हटवादीपणा वाटतो. औषध नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६५ सांगतो की शेड्यूल एच, एच१ आणि एक्स (म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या याद्या) मधलं औषध एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं. डॉक्टरने ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं असेल तरच पुन्हा, आणि जितक्या वेळा किंवा जितक्या अंतराने लिहिलंय तितकंच. बीपी, साखर, आकडी यांची बहुतेक सगळी औषधं शेड्यूल एच मध्येच येतात. पुष्कळ दुकानदार जुन्या चिठ्ठीवर देतात, पण नवा फार्मासिस्ट आला किंवा तपासणी चालू असली की तेच दुकान नवी चिठ्ठी मागतं, आणि कायद्याने ते बरोबर असतं. म्हणून तपासणीच्या वेळीच डॉक्टरांकडून खाली एक ओळ लिहून घ्या: ‘वरील औषधे सहा महिने, दरमहा पुन्हा द्यावीत’, सोबत सही आणि तारीख. एका ओळीचं काम आहे, पण विसरतं.

झोपेच्या, घबराटीच्या आणि काही वेदनाशामक गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, शेड्यूल एच१ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून यांची विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. ती वही तीन वर्षं जपायची असते. त्यामुळे चिठ्ठीवर रुग्णाचं नाव किंवा डॉक्टरचा पत्ता नसेल तर फार्मासिस्ट अडून बसतो. शेड्यूल एक्स आणखी कडक. मुलांच्या एडीएचडीसाठीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट यात येतं. त्याला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो, आणि विक्रीचा परवाना वेगळा असल्याने फार थोड्या दुकानांत ते मिळतं. शहरातलं असं एखादं दुकान आधीच शोधून ठेवा, आणि डॉक्टरची पुढची भेट गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीची घ्या.

ब्रँड नसेल तर ‘हे घ्या, सेम आहे’ असं म्हणून दुसरं दिलं जातं. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. पण डॉक्टरने ब्रँडऐवजी घटकाचंच नाव लिहिलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही. त्या घटकाचा, त्या ताकदीचा कुठलाही ब्रँड चालतो, जनऔषधी केंद्रातलाही. निदान बीपी, कोलेस्टेरॉल, आम्लपित्त यांच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना ही विनंती करून पाहा. जोडगोळी मिळत नसेल तर तिचे दोन घटक वेगवेगळे मिळतात का ते विचारा: टेल्मिसार्टन ४० अधिक अम्लोडिपिन ५ ची एक गोळी, किंवा दोन स्वतंत्र गोळ्या, काम तेच. थायरॉक्सिन ७५ नसेल तर ५० आणि २५ मिळून ७५ होतात, ६२.५, ८८, ११२ अशा अडनिड्या ताकदी छोट्या दुकानांत क्वचितच असतात. असा कोणताही बदल डॉक्टरांना फोन करून, आणि घरातल्या कागदावर लिहून. दोन गोळ्यांच्या जागी चार दिसल्या की म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ होतो, आणि जुनं पान सापडलं की दोन्ही घेतली जातात. दीर्घ परिणामाच्या गोळ्या (एसआर, ईआर, सीआर) चुरून किंवा तोडून ताकद जुळवायची नाही.

आकडीच्या औषधांना ही ढिलाई लागू नाही. फेनिटोइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट यांचा ब्रँड शक्यतो बदलू नये. फेनिटोइनमध्ये तर डोस थोडा बदलला तरी रक्तातली पातळी खूप बदलू शकते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचंही तसंच. या औषधांचा शिलकी साठा एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांचा ठेवा.

इन्सुलिनवर थोडं सविस्तर लिहितो, कारण उशीर आणि अपघात दोन्ही इथे जास्त होतात. पहिला गोंधळ मोजणीचा. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये ३ मिलि, म्हणजे ३०० युनिट असतात. सकाळी १८ आणि रात्री १० असे रोज २८ युनिट, महिन्याचे ८४०, म्हणजे तीन कार्ट्रिज पुरतील असं वाटतं. पण दर टोचण्याआधी सुईतली हवा काढायला २ युनिट सोडावे लागतात. दिवसाचे ४, एकूण ३२. तीन कार्ट्रिज २८ दिवसांतच संपतात. ‘दर महिन्याला दोन दिवस कमी पडतं, कंपनी कमी भरते’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. उघडलेलं इन्सुलिन साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायचं असतं (नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते), त्यामुळे डोस कमी असलेल्यांना औषध शिल्लक असूनही नवीन घ्यावं लागतं. तेही हिशोबात धरा.

दुसरा गोंधळ पेनचा. एका कंपनीच्या पेनमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज बसत नाही, बसल्यासारखं वाटलं तरी डोस चुकतो. नोवो नॉर्डिस्कने २०२५ मध्ये ह्यूमन मिक्स्टार्ड या इन्सुलिनची पेन आणि कार्ट्रिज भारतातून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला; कुपी चालू राहिली. अशा वेळी ‘येईल पुढच्या आठवड्यात’ म्हणत चार दुकानं फिरण्यात काही अर्थ नसतो. डॉक्टरांकडे जाऊन एक तर त्याच प्रकारचं दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज त्यांच्याच पेनसकट घ्या, नाहीतर कुपीवर या.

आणि कुपीवर येताना खरा धोका असतो. आपल्याकडे मिळणारी नेहमीची कुपी ४० ची, म्हणजे १ मिलिमध्ये ४० युनिट; कार्ट्रिज १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. ४० च्या कुपीतलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर पोटात जातात फक्त ८ युनिट, आणि साखर चढत राहते. उलट, कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर जातात ५० युनिट, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून ओढण्याचा उद्योग घरोघरी होतो. तो करू नका. कुपी घेताना सिरिंज त्याच बिलात, त्याच दुकानातून घ्या आणि खोक्यावरचा ४० चा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळवा.

सतत थंड ठेवावा लागणारा माल बाहेरगावी सुट्टीच्या आदल्या दिवशी सहसा पाठवत नाहीत, म्हणून इन्सुलिनची ऑर्डर आठवड्याच्या सुरुवातीची असावी. घरी २ ते ८ अंशात, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या खणात ठेवा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं.

इनहेलरचं थोडक्यात: रोटाकॅपच्या (ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल) बाटलीत ३० असतात, रोज दोन म्हणजे एक बाटली १५ दिवसांची. फवाऱ्याच्या डब्यावर १२० किंवा २०० हा आकडा असतो. तेवढे फवारे झाल्यावरही डबा फुसफुसतो, पण त्यात औषध पुरेसं नसतं.

सगळं करूनही औषध संपलं आणि माल आला नाही, तर कोणतं औषध थांबू शकतं आणि कोणतं नाही हे माहीत असायला हवं. थायरॉक्सिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. दोन-तीन दिवस चुकले तर घाबरू नका. कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. याउलट लेव्हेटिरासिटाम एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातं आणि आकडी येऊ शकते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल एकदम बंद झाल्यास नाडी वाढते, हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन बंद झालं की बीपी उसळतं. स्टेंट बसवलेल्याची क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिन, रक्त पातळ करण्याची गोळी, तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं प्रेडनिसोलोन, लेव्होडोपा, रोजची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, आणि अर्थात इन्सुलिन: यांतलं काहीही एक दिवसही तुटू देऊ नका. घरात पुरवून पुरवून ‘अर्धी अर्धी’ घेणं हा उपाय नाही, आणि चुकलेल्या गोळ्या नंतर एकदम दुप्पट घेणं त्याहून वाईट.

अशा दिवशी महिन्याभराचं मागू नका. ‘एक पान द्या’ म्हणा. दुकानदार शेजारच्या दुकानातून एक पान उसनं आणून देतो, सहा पानं नाही आणणार. मोठ्या रुग्णालयाचं चोवीस तास चालणारं मेडिकल हा दुसरा रस्ता. चिठ्ठीच संपली असेल तर डॉक्टरांना फोन करा: २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाची चालू औषधं डॉक्टर फोनवरून पुढे चालू ठेवू शकतात आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. शेड्यूल एक्स मधली औषधं मात्र तशी लिहिता येत नाहीत.

तक्रारीबद्दल लोकांची अपेक्षा आणि कायदा यांत अंतर आहे. दुकानदाराने प्रत्येक औषध ठेवलंच पाहिजे असा नियम नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ चा परिच्छेद २८ सांगतो की जे औषध दुकानात आहे ते गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही. म्हणजे ‘दोनच पानं उरलीत, ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला ठेवलीत’ यावर तक्रार होते, ‘नाही’ यावर नाही. ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर करायची. अख्ख्या जिल्ह्यात औषध नसेल तर प्रकरण कंपनीचं आहे. किंमत नियंत्रणाखालचं औषध बंद करायचं असेल तर कंपनीला त्याच आदेशाच्या परिच्छेद २१ प्रमाणे किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते, आणि सरकार तिला उत्पादन आणखी वर्षभरापर्यंत चालू ठेवायला लावू शकतं. त्यासाठी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’ या पोर्टलवर किंवा १८०० १११ २५५ वर नोंद करा. तक्रारीत ब्रँड, घटक, ताकद, कंपनी, शेवटच्या बिलाची तारीख आणि बॅच, तसंच कोणत्या तारखांना कोणत्या दुकानांत विचारलं हे लिहा. नुसतं ‘औषध मिळत नाही’ लिहिलं तर पुढे पाठवण्यासारखं त्यात काही नसतं. मात्र तक्रार निकाली निघायला जो वेळ लागेल तो तुमच्या शिलकी आठवड्यापेक्षा जास्त असेल असंच धरून चाला, आणि पर्यायी औषधासाठी डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी घ्या.